पहिलं पान कुणाचं?

माडबंदरचा राजा उधोजीराव कालपासून उपाशी होता, आणि अन्न तर समोर वाढून तयार होतं! त्याच्या घराण्याची रीतच तशी. पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय यजमानानं अन्नाला शिवायचं नाही. आता पाहुणे होते दोन पाद्री, आणि ते काही केल्या पंगतीला बसेनात.

एक रोमचे फादर लोरेंझो, दाढी गुळगुळीत केलेले. दुसरे पूर्वेकडच्या कॉन्स्टँटिनोपलचे बाबा निकिफोरोस, यांची दाढी पोटावर रुळायची. दोघंही येशूचेच भक्त, पण पंगतीतलं पहिलं पान कुणाचं यावरून जुंपली होती. लोरेंझोंचं म्हणणं असं की, रोमचे पोप साऱ्या ख्रिस्ती जगाचे कर्ते, त्यांचा शब्द सगळ्यांनी मानायचा, म्हणून पहिलं पान त्यांच्या माणसाचं. निकिफोरोस म्हणत, पोप आमचे थोरले भाऊ, मान हवा तेवढा घ्या; पण थोरल्यानं धाकट्याच्या चुलीपाशी येऊन आमटीत मीठ घालायचं नाही. हे आधी कबूल करा, मग खुशाल बसा पहिल्या पानावर! बंदरावर राहून दोघं मराठी शिकले होते, आणि भांडायला तर ती फारच सोयीची पडत होती.

हे सगळं आवडी ऐकत उभी होती. आवडी म्हणजे राजाच्या मुदपाकखान्यातली वाढपीण. भात पुन्हा पुन्हा गरम करून त्याची पार पेज व्हायला आली होती. दिवाणजींनी मधे पडदा लावायची युक्ती काढली, तर पडद्याच्या उजवीकडे कोण यावरून नवं भांडण लागलं. तेव्हा मात्र आवडीला हसू आवरेना, ती फिसकन हसली.

उपाशी राजा आणि वर कुणी हसलं! उधोजीराव खवळला.

"हसतेस काय? आता तूच सोडव हे! दोघांतला एक पहिला झाला पाहिजे, पण दुसरा दुसरा होता कामा नये. आणि मला जेवायला मिळालं पाहिजे. जमलं नाही, तर उद्यापासून मुदपाकखान्याची पायरी चढायची नाही!"

आईबापांमागे आवडी याच चुलीपाशी लहानाची मोठी झाली होती. चूल गेली की घरच गेलं. क्षणभर तिला रडूच येणार होतं, पण रडून काही भात वाढला जात नाही. भाताचं पातेलं कडेवर घेऊन ती लोरेंझोंसमोर गेली आणि हात जोडता येईनात म्हणून नुसती मान लववली. म्हणाली, पोपमहाराजांची बिरुदं पुन्हा एकदा ऐकवा ना, कानाला बरं वाटतं.

लोरेंझो खुलले. संत पीटरचे वारस, रोमचे धर्माध्यक्ष, असं करत करत ते शेवटाला आले, "आणि देवाच्या सेवकांचे सेवक!"

"सेवकांचे सेवक? असं ते स्वतः म्हणवतात?"

"स्वतः!" लोरेंझो छाती फुगवून म्हणाले.

"मग पाद्रीबाबा, तुम्ही पानावर कसे हो बसता? आमच्याकडे घरचा कर्ता पंगतीला बसत नाही. तो उपरणं कमरेला बांधतो, सगळ्यांना वाढतो आणि शेवटी जेवतो. आधी बसतो तो पाहुणा." आणि तिनं पातेलं पुढे केलं.

आपल्याच तोंडचे शब्द, नाही कसं म्हणणार? लोरेंझोंनी दिवाणजींचं उपरणं मागून घेतलं, कमरेला बांधलं आणि भातवाढी हातात घेतली.

निकिफोरोस खुशीत पहिल्या पानाकडे निघाले. पाटावर टेकणार, तोच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे हा झाला घरचा कर्ता आणि मी नुसता पाहुणा? ते ताडकन सरळ झाले. सेवक असू तर आम्ही सगळे सारखेच सेवक, असं म्हणून त्यांनी दाढी कमरेला खोचली आणि वरणाचं भांडं उचललं.

आवडी राजाकडे वळली. "महाराज, यजमान दोन झाले, पाहुणा एकही उरला नाही. आता पाहुणे तुम्हीच. बसा."

राजा इतक्या घाईनं बसला की अर्धा पाटावर आणि अर्धा जमिनीवर. मग काय विचारता! लोरेंझोंनी भाताचा डोंगर केला, तर निकिफोरोसांनी त्यावर वरणाचा पूर आणला. एकानं तुपाची धार धरली की दुसरा खिरीचा आग्रह करी. नको नको म्हणत राजा पानावर आडवा पडला, तर पालथ्या हातावरही खीर आली.

अखेर ढेकर देऊन राजानं फर्मावलं, पाद्रीबाबा, आता तुम्ही बसा. पण कर्ता शेवटी जेवतो ना! लोरेंझो म्हणाले, आधी हे. निकिफोरोस म्हणाले, छे, आधी हे. राजानं हुकूम सोडला, दटावलं, विनवलंसुद्धा. कुणी हलेना. शेवटी भूक अनावर होऊन दोघांनी एकमेकांच्या तोंडात एकदमच घास कोंबला, आणि तोंडं भरल्यामुळे वाद थांबला.

"अगं, पण यातला पहिला कोण?" राजानं विचारलं. "माझ्या अटीचं काय?"

"महाराज, दोघांनाही आता शेवटचं व्हायचंय, मग दुसरा कोण होणार? राहिला पहिला. पहिल्या पानावर बसलात तुम्ही. पण तुमचा हुकूम कुणी ऐकला का?"

पहिल्याला मान असतो, हुकूम नाही, हेच तर निकिफोरोस म्हणत होते; त्यांनी भरल्या तोंडानं आनंदून मांडीवर थाप मारली. लोरेंझोंनी, तेही भरल्या तोंडानं, वाढणाराच खरा कर्ता अशा ठसक्यात आपली भातवाढी वर धरली.

राजा हसला, इतका हसला की दिवाणजींना त्याला धरून बसवावं लागलं. मग त्यानं कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा आवडीच्या हाती दिला, आजपासून मुदपाकखाना तुझा म्हणून. आणि स्वतः उठून उपरणं कमरेला बांधलं.

"बस पानावर, आवडे. आता मी वाढतो."