चिंचओहळच्या मैदानातली वाट

रस्ता अडवायचा आणि त्या अडवण्यालाच शिस्त म्हणायचे, ही सवय कुणाची आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाव घ्यायची गरज नाही. अशांनी एकदा चिंचओहळला यावे. इथल्या पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या कवायतीच्या मैदानातून, अगदी मधून, एक पांढुरकी पायवाट तिरपी गेली आहे. दोन्ही बाजूंना गवत आणि वाटेवर काडी नाही. एवढ्या आखीव मैदानावर ती ओरखड्यासारखी दिसते, तरी कुणी ती बुजवत नाही. का बुजवत नाही, हे गावातले यशवंतबाबा आल्यागेल्याला मैदानाच्या कडेला उभे करून सांगतात.

राज्य तेव्हा नवे होते, म्हणे. इमारतीचा पत्ता नव्हता. माळावर तंबू ठोकून पोलीस भरतीच्या पोरांचे पहिले शिबिर भरले. निम्म्या पोरांनी जन्मात पहिल्यांदा बूट घातले होते. त्यांच्यात लहानू गावित होता, वरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. त्या पाड्यावर खाकी कपडा दिसला की माणसे चुलीवरची भाकर तशीच टाकून रानात शिरत. म्हणून निघताना लहानूने वाघदेवापुढे हात ठेवून शब्द दिला होता की माझी वर्दी बघून कुणी वाट सोडणार नाही. पाड्यावरचे हसले. "कपडे अंगावर चढू दे, तूही तसलाच होशील," चुलती म्हणाली. लहानूला ते फार लागले होते.

कवायत शिकवायला रणपिसे उस्ताद होते, फौजेतून आलेले. त्यांचा धडा एकच. "पुढच्याकडे बघा रे! तो हलला की हला, तो थांबला की दगड व्हा. मग मी इथं बोंबललो तरी ऐकायचं नाही!" लहानू उंच आणि पावलाचा पक्का, म्हणून त्याला सगळ्यांच्या पुढे चालायला नेमले होते.

गावातून सडकेकडे जायची जुनी वाट या माळावरूनच जाई. शिबिर आले आणि भोवती दोर पडला. लोक ओढ्याच्या बाजूने लांबचा वळसा घेऊ लागले. बोलले कुणीच नाही. पोलिसांना कोण बोलणार?

मग मोठे साहेब तपासणीला आले, तो दिवस. तुकडीने मैदानावर ताल धरला होता. तेवढ्यात लहानूला समोर दोर उचलला गेलेला दिसला. दोघे जण खांद्यावर बांबू घेऊन धावत आत शिरले. बांबूला झोळी, झोळीत बाळंतपणात अडलेली बाई, मागे तिची सासू. सडकेवर दवाखान्याकडे जाणारी मालमोटार उभी होती. वळसा घेतला असता तर ती गेली असती.

अर्ध्यावर आल्यावर त्यांनी समोरून येणारी खाकी रांग पाहिली. झोळी त्यांनी हळूच जमिनीवर टेकवली आणि वाट सोडून गवतात उतरले, माना खाली घालून. सासूने तर हात जोडले.

लहानूचीच वर्दी बघून त्यांनी वाट सोडली होती. थांबला तर साहेबांसमोर हुकूम मोडल्याबद्दल आजच घरी रवानगी. न थांबला तर चुलती खरी ठरणार. असे सांगतात की त्याने आणखी एक पाऊल टाकले, आणि मग तो थांबला. त्याच्या मागे अख्खी तुकडी एका दणक्यात थांबली.

"तेज चल!" रणपिसे ओरडले.

कुणी हलले नाही.

"अरे तेज चल! बहिरे झालात काय, गाढवांनो?"

पोरांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण डोळे लहानूच्या पाठीवर खिळलेले. पुढचा हलत नव्हता, म्हणून मागचा हलत नव्हता. उस्तादच तसे शिकवून बसले होते.

लहानू रांगेतून बाहेर आला. गवतातल्या लोकांपाशी जाऊन म्हणाला, "उचला ना मामा. वाट तुमचीच आहे."

"तुम्ही जा आधी पुढं, दादा," त्यातला एक खालीच बघत म्हणाला.

"मी नाही जाणार. तुम्ही जाईस्तोवर मी इथंच उभा."

झोळीतून कण्हणे ऐकू आले. मग मात्र त्यांनी बांबू खांद्यावर घेतला आणि त्या उभ्या रांगेसमोरून, वाटेवरून, ते निघून गेले. मालमोटार मिळाली, म्हणे. बाळही जगले.

मोठे साहेब खुर्चीवरून उठून आले. "रणपिसे, हा काय तमाशा? तुकडी तुमचं ऐकत नाही?"

यशवंतबाबा इथे नेहमी जरा थांबतात. उस्तादांनी एक शब्द टाकला असता तर लहानू संध्याकाळच्या आत पाड्यावर परतला असता. रणपिशांनी लहानूकडे पाहिले, मग सडकेकडे पाहिले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "साहेब, मी शिकवलं तेच चाललंय."

साहेब म्हणाले, "मग तो दोर काढून टाका."

लहानूची वर्दी राहिली. त्या वाटेवर गवत उगवत नाही ते तुकडी तिथे थबकली म्हणून, असे गाव मानते. रोजच्या पावलांखाली गवत कसे उगवेल, असे शहाणे विचारतील. विचारू देत. ती पावले रोज पडतात, हेच तर खरे नवल आहे.

आजही दीक्षान्त संचलन चालू असताना वाटेवर कुणी आले तर तुकडी थांबते. मंचावर कितीही मोठा पाहुणा असो. यंदा एक म्हातारी सरपणाची मोळी घेऊन निघाली. ताल थांबला, शेकडो बूट जागच्या जागी थिजले. म्हातारी सावकाश वाटेने मधोमध आली, पुढच्या जवानासमोर उभी राहिली आणि त्याला खालीवर न्याहाळून म्हणाली, "टोपी वाकडी झालीय रे तुझी. सरळ कर की, एवढे लोक बघतायत."