हौसाबाईंचा जावई आणि शोभेची दारू

नदीकाठच्या खैरवाडीत गुणाजी नावाचा एक भोळा घरजावई राहत होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळं बिघडायचं ते त्यामुळेच.

त्याची सासू हौसाबाई. त्यांचा नवरा जत्रेसाठी शोभेची दारू करायचा. बाण, भुईनळे आणि सगळ्यात शेवटी बांबूचं उंच झाड, ज्याच्या फांदीफांदीतून फुलं उडायची. नवरा वारला आणि परवाना हौसाबाईंच्या नावावर झाला. गावात कुजबुज सुरू झाली, की बाईमाणसाला हे जमायचं नाही.

संताजी पाटील म्हणाला, "यंदाची जत्रा तुम्ही करा, हौसाबाई. झाड फुललं तर पुढचीही सुपारी तुमचीच. नाही फुललं तर चुलीपुढं बसा."

हौसाबाई कामाला लागल्या. तालुक्याहून सोरा आणि गंधक आणायचा होता. त्यांनी जावयाला बोलावलं.

"जावईबापू, दोन्ही पुड्या एका जागी बांधायच्या नाहीत. एक या हातात, एक त्या हातात. एकमेकींपासून लांब. आणि जिथं चूल पेटलीय तिथं माल न्यायचा नाही. कळलं?"

गुणाजीनं मान डोलावली आणि ते मनात पक्कं केलं.

तालुक्याला दुकानदारानं विचारलं, "कशाला पाहिजे?"

"दारू करायला."

"शोभेची ना?"

"नाही, हौसाबाईंची. शोभा आमच्यात कुणी नाही."

दुकानदारानं परवाना दोनदा वाचला आणि माल दिला. गुणाजी दोन हातांत दोन पुड्या घेऊन, दोन्ही हात पसरून निघाला. तसा तो एसटीच्या दारातून आत जाईना. कंडक्टर म्हणाला, "हात खाली घे." गुणाजी म्हणाला, "सासूची परवानगी नाही." गाडी गेली. गुणाजी तसाच हात पसरून चालत आला. वाटेत पाखरं त्याला बघून शेतातून उडाली.

घरापाशी आला तर धुराड्यातून धूर निघत होता. चूल पेटलेली होती. गुणाजी मागं फिरला आणि गावाबाहेर वडाखाली बसून राहिला.

इकडं हौसाबाई चूल विझू देईनात. जावई दमून येणार, त्याला गरम भाकरी मिळायला हवी. जावई येईना म्हणून चूल विझेना, आणि चूल विझेना म्हणून जावई येईना. शेवटी दुसऱ्या दिवशी तुळसा, त्याची बायको, शोधत आली.

"अहो, इथं काय करताय?"

"तुझ्या आईची चूल विझायची वाट बघतोय."

हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. "जावईबापू, पेटलेलं दिसलं तर त्यावर पाणी ओतायचं आणि मग आत यायचं. एवढं साधं आहे."

गुणाजीनं ते मनात पक्कं केलं.

चार दिवसांनी पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. हौसाबाई बाण भरण्यात गुंतल्या होत्या, म्हणून आहेर घेऊन त्यांनी जावयाला धाडलं. गुणाजी मांडवात शिरला. समोर होम पेटलेला. नवरानवरी त्याच्याभोवती फिरत होती. गुणाजीनं आहेर खाली ठेवला, हात धुवायची बादली उचलली आणि होमावर ओतली.

भटजी भिजले, नवऱ्याचं बाशिंग गळलं. पाटील धावून आला.

"हे काय केलंस रे?"

"आता आत यायला हरकत नाही," गुणाजी म्हणाला.

पाटलानं तेव्हाच सुपारी मोडली असती, पण पंचक्रोशीत दारूकाम करणारं दुसरं कुणी नव्हतं. हौसाबाईंनी त्याच्या हातापाया पडून वेळ निभावली. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, जिथं लोकांनी मुद्दाम विस्तव पेटवलाय तिथं पाणी ओतायचं नाही. लोकांना मागं सारायचं. आमचे हे ओरडायचे, मागं सरा, मागं सरा, आता वर जाणार."

गुणाजीनं तेही मनात पक्कं केलं.

त्याच आठवड्यात म्हातारे केरबा वारले. सगळं गाव नदीपलीकडं मसणवटीत गेलं. सरण रचलं. थोरल्या मुलानं अग्नी दिला. तोच गुणाजी पुढं झाला.

"मागं सरा, मागं सरा, आता वर जाणार!"

काही माणसं पळाली. केरबांची सून बेशुद्ध पडली. एक पाहुणा आभाळाकडं बघत उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, "अरे, वर तर ते सकाळीच गेले." गुणाजी म्हणाला, "मग आवाज कसा आला नाही?"

लोकांनी त्याला धरून घरी आणून सोडलं.

हौसाबाईंनी हातातलं काम ठेवलं. त्यांनी जावयाला समोर बसवलं आणि जरा सविस्तरच सांगितलं.

"जावईबापू, मेलेल्यापुढं ओरडत नाहीत. अंगावर पांढरं घालायचं. चार खांदे लागतात, त्यातला एक आपला द्यायचा. पुढं हलगी वाजते. अग्नी दिला की मागं वळून बघायचं नाही, थेट नदीत बुडी मारायची. आणि सुतक असलं की कुणाकडून काही घ्यायचं नाही. येईल ना लक्षात?"

"सगळं येईल, मामी," गुणाजी म्हणाला. आणि ते आलं.

जत्रेचा दिवस उजाडला. दिवेलागणीला पालखी आली. बाण झाले, भुईनळे झाले. लोक माना वर करून बघत होते. बाईच्या हाताला गुण आहे, असं दोघातिघांनी कबूलही केलं. मग देवळामागच्या मोकळ्या रानात झाड उभं केलं. हौसाबाईंनी सगळ्यांना लांब उभं केलं, वात पेटवली आणि मागं आल्या.

वात फुसफुसली. थोडा धूर निघाला. आणि काहीच झालं नाही.

बराच वेळ गेला. गर्दीत कुणीतरी हसलं. हौसाबाईंचा चेहरा उतरला.

"काय झालं, मामी?" गुणाजीनं विचारलं.

"मेलं," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"मेलं म्हणते ना, जावईबापू. कुणी जवळ जाऊ नका." आणि डोळ्यांना पदर लावून त्या पाटलाकडं आणखी थोडा वेळ मागायला गेल्या. लोकही पालखीकडं पांगले.

गुणाजीला वाईट वाटलं. मेलेल्याला असं एकटं उभं ठेवणं बरं नव्हे. त्यानं झाड उपटून आडवं केलं. बांबू, आडव्या फांद्या, सुतळी. तिरडी आयतीच होती. खांद्यावरचं पांढरं उपरणं त्यानं झाडावर घातलं. बाजूला परगावचे हलगीवाले बिड्या ओढत बसले होते. त्यानं हाक मारली, तशा त्यांनी बिड्या विझवल्या.

"खांदा द्यायला चला. घरचं माणूस गेलंय."

"अरेरे. आजारी होतं?"

"नाही. उभ्या उभ्या गेलं."

गुणाजीनं आणि त्यांच्यातल्या तिघांनी खांदा दिला, चौथा पुढं हलगी वाजवत निघाला. जत्रेतली माणसं बाजूला होऊन हात जोडू लागली. एक म्हातारी म्हणाली, "केवढा उंच होता बिचारा."

पुलावरून ते मसणवटीत गेले. कुणाच्या तरी राहिलेल्या गोवऱ्या पडल्या होत्या. गुणाजीनं त्या रचल्या, झाड वर ठेवलं, कडेला अग्नी दिला. मग मागं न बघता पाचही जण नदीकडं गेले आणि उंच दरडीआडच्या डोहात उतरले. गुणाजीनं नाक दाबून बुडी मारली.

तेवढ्यात झाड फुललं.

असं फुललं की नदीचं पाणी खालून उजळलं. सोनेरी, मग हिरवी, मग पांढरी फुलं. पालखीचे भोई पालखी खाली ठेवून बघत राहिले. भटजी बघत राहिले. केरबांची सूनसुद्धा घराच्या दारातून बघत राहिली. हौसाबाईंना कळेना काय झालं, पण त्यांचं झाड त्यांनी ओळखलं. नवऱ्याच्या हातूनही असं कधी फुललं नव्हतं.

पाटील भारावून गेला. "लोक अलीकडं आणि दारू पलीकडं. ही अक्कल आजवर एकाही पुरुषाला सुचली नव्हती." त्यानं फेटा आणि नारळ मागवला. गुणाजी निथळत पुलावरून येत होता. घरातला पुरुष म्हणून पाटील त्याच्याचकडं वळला.

"घ्या जावईबापू. आता मी आहे तोवर जत्रा तुमची."

हौसाबाईंनी पदर सावरला. त्यांचा ऊर भरून आला.

गुणाजीनं हात मागं घेतले. "आज नको, पाटील. सुतक आहे."

"कुणाचं?"

"झाडाचं. मघाशी इथंच मेलं. आत्ता पोचवून आलो."

पाटलानं हलगीवाल्यांकडं बघितलं. हलगीवाल्यांनी खाली माना घातल्या. पाटलानं नारळ परत काखेत धरला, फेटा स्वतःच्याच डोक्याला गुंडाळला आणि निघून गेला.

हौसाबाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी गळा काढून हंबरडा फोडला.

गुणाजीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि तुळसाकडं वळून म्हणाला, "आता कुठं रीतीनं झालं. मघापासून घरचं कुणी रडलंच नव्हतं."