झ अक्षराची राखणदार

तेरडेवाडी डोंगराच्या कुशीत होती. आहे अजून. पाऊस सरला की गावामागचा उतार रंगून जायचा. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, मधूनच निळी-जांभळी कारवी. इवल्या पाकळ्यांवर इवले दवाचे थेंब. सकाळचं ऊन पडलं की सगळा उतार चमचमायचा.

गावातली शेवटची झोपडी आवडीची. आवडी आठ वर्षांची होती. बाप नव्हता. आई भागीरथी बांबूच्या टोपल्या विणायची. टोपल्या खपल्या तर भाकरी, नाही तर आंबील. छपराला भोकं होती. झगा एकच होता, तो धुतला की ओलाच अंगावर वाळवायचा. आवडी कुरकुरत नसे. तिच्याकडे एक अक्षर होतं.

ते तिला मथूबाईंनी दिलं होतं. मथूबाई गावच्या शाळेच्या बाई. बेचाळीस वर्षं त्यांनी एकाच खोलीत शिकवलं. पोर पहिल्या दिवशी शाळेत आलं की बाई त्याला एक अक्षर राखायला द्यायच्या. कोणाला क, कोणाला म. ते अक्षर त्या पोराने जन्मभर सांभाळायचं. दुसरं कोणी ते विसरलं तर त्याने राखणदाराच्या घरी जाऊन मागायचं. राखणदाराने नाही म्हणायचं नाही. हातातलं काम टाकून यायचं आणि शाळेच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. हा बाईंचा नियम. बेचाळीस वर्षांत गावातल्या बहुतेक घरांत एखादं तरी अक्षर गेलं होतं. कोंडाआजी नातवाला सोडायला म्हणून आली आणि स्वतःच बसली. तिला ष मिळाला. आवडीला झ मिळाला. झाडाचा झ, झऱ्याचा झ, झुळझुळ पाण्याचा झ.

मग बाई वारल्या.

गावाने फार मोठा शोक केला. बाईंची खुर्ची धुतली, तिला हळदकुंकू लावलं. घंटेला हार घातला आणि तिच्यावर कापड बांधलं. फळ्यावर बाईंनी शेवटचं लिहिलेलं होतं, ते कोणी पुसू नये म्हणून खोलीला कुलूप लावलं. किल्ली रंभाजी पाटलांच्या कमरेला. बाईंच्या जागी दुसऱ्याची पायधूळ नको, असं सगळ्यांनी ठरवलं. नव्या गुरुजींचं पत्र आलं, ते पाटलांनी परत पाठवलं. बाई गेल्याला वर्ष होईल त्या वर्षदिवशी दाराला विटा लावून खोली कायमची बंद करायची, आणि पुढे दिवा लावायचा, असंही ठरलं.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पोरं मात्र शेळ्यांमागे गेली. आवडी चुलीच्या राखेत बोटाने अक्षरं काढायची. दर महिन्याला एखादं कमी व्हायचं. आधी ण गेला. मग ठ गेला. एके दिवशी तिला ध आठवेना. तेव्हा तिने बोट राखेतच ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. खोली बंद झाली की सगळीच जातील, हे तिला कळलं होतं.

वर्षदिवसाला पाच दिवस उरले. घरोघरी हारांची बोलणी चालू होती. आवडीकडे हाराला काही नव्हतं, म्हणून ती फुलं आणायला रानात गेली. ओटीभर सोनकी जमली. शेवटचं टपोरं पिवळं फूल तोडायला तिने हात लांबवला आणि थांबली.

फुलात कोणीतरी झोपलं होतं.

बोटाएवढी परी. कारवीच्या पाकळीचा झगा. पाठीवर दोन चिमुकले पंख, कोळ्याच्या जाळ्यावर दव पडावं तसे लखलखणारे. दोन्ही तळवे गालाखाली. आवडीने हात मागे घेतला. शाळेत पोर उपाशी येऊन डुलकी खायला लागलं की बाई बाकीच्यांना म्हणायच्या, झोपलेल्याला उठवू नका. आवडी पाय न वाजवता मागे सरली. परीच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून तिने शेजारचं तेरड्याचं पान वाकवून सावली केली आणि निघाली.

"थांब," मागून बारीक आवाज आला. चांदीच्या घुंगरासारखा. "या उतारावर फूल सोडून जाणारं पहिलंच माणूस पाहिलं. नाव काय तुझं?"

आवडीने नाव सांगितलं. परीने आळस दिला, पंख झटकले. पिवळं, गुलाबी, निळं तेज उडालं आणि गवतावर सांडलं. ती म्हणाली, तीन वर देईन. एका सकाळी एक, आणि तोही दव सुकायच्या आत मागायचा.

"बाईंना परत आण, परीताई," आवडी लगेच म्हणाली.

"गेलेलं माणूस परत येत नाही. तो वर माझ्याकडे नाही." परीने मान हलवली. "आणि अजून एक ध्यानात ठेव. माझी वस्तू माणसांच्या हातात असेल तोवरच राहते. वापरणं सोडलं की जाते."

आवडीने मान डोलावली. तिला ते फारसं कळलं नव्हतं. तिच्या डोक्यात हार होता. तिने बाईंच्या तसबिरीसाठी सोन्याच्या फुलांचा हार मागितला. परीने टाळी वाजवली. ओटीतली सोनकी जड झाली, पिवळी धमक झाली आणि आपोआप ओवली गेली.

गावात गर्दी झाली. एवढा हार कोणी पाहिला नव्हता. पाटलांनी आवडीकडून सगळी हकीकत काढून घेतली, हार हातात तोलून पाहिला आणि काचेच्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप घातलं. तिसऱ्या दिवशी पेटीत वाळका पाला होता.

"वा, भागीरथीच्या लेकीची परी," पाटील म्हणाले. लोक हसले. मग पाटील हसायचे थांबले आणि वेगळ्या आवाजात म्हणाले, "खरीच असेल तर तिला सांग, आमच्या बाईंचा पुतळा दे म्हणावं. हाराचं काय घेऊन बसलीस."

पाटलांचं बाईंवर प्रेम होतं. ते बाईंच्या पहिल्या वर्गातले. बाईंनी त्यांना पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता, हे ते अजून सांगत.

आवडीने दुसऱ्या सकाळी पुतळा मागितला. शाळेपुढे उजेड झाला आणि उजेडातून बाई बसलेल्या दिसल्या. आभाळी रंगाचा दगड. मांडीवर पाटी, डोळ्यांवर चष्मा, ओठांवर तेच अर्धं हसू. कोंडाआजी पुढे होऊन पाया पडली. चार वर्षांची चिंगी, जिचं नाक बारा महिने वाहायचं, सरळ जाऊन पुतळ्याच्या मांडीवर चढायला लागली. तिला चौघांनी ओढून काढलं. बाईंच्या अंगाला शेंबूड लागेल, असं म्हणाले. भोवती काटेरी कुंपण घातलं. वर छत्री धरली. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा कुंपण होतं, छत्री होती, मध्ये थोडं धुकं होतं. ऊन आल्यावर तेही गेलं.

या वेळी कोणी हसलं नाही. आवडीवर सगळे रागावले. बाईंची थट्टा चालवली आहे का, असं तिच्या आईला विचारून गेले.  लोक गेल्यावर भागीरथी लेकीला एवढंच म्हणाली की, उद्याचा वर मागताना माझं ऐकू नको आणि गावाचंही ऐकू नको.

वर्षदिवस उजाडला. विटा येऊन पडल्या होत्या. मारुती गवंडी चुना कालवत होता. आवडी ओल्या झग्यानेच धावत उतारावर गेली. दव अजून होतं. पानापानावर मोती लटकत होते. परी त्याच फुलावर पाय हलवत बसली होती.

"एकच उरला," परी म्हणाली. "तुझ्या छपराला भोकं आहेत. आईच्या लुगड्याला नऊ ठिगळं आहेत, मी मोजली. स्वतःसाठी मागायला माझी हरकत नाही."

आवडीने छपराचा विचार केला. लुगड्याचाही केला. एक थेंब सुकला, दुसरा सुकला. मग तिने विचारलं, "पुतळा का गेला, परीताई?"

"ती लहानगी मांडीवर बसली असती तर राहिला असता."

आवडी उठून उभी राहिली. आता नियम तिला कळला होता.

"खडू दे," ती म्हणाली.

"एवढाच?"

"एवढाच. पांढरा चालेल."

परी हसली. तिने दवाचा शेवटचा थेंब उचलला, दोन्ही तळव्यांत वळला आणि आवडीच्या हातावर ठेवला. खडू झाला. बोटभर लांब, साधा. दुकानातल्यासारखाच. "लिहीत राहिलात तर संपायचा नाही," परी म्हणाली. "बाकी तुझं तू बघ."

आवडी शाळेच्या पायरीवर येऊन बसली. मागे विटा रचत होते. तिने चिंगीला शेजारी बसवलं आणि पायरीवर क काढला. काढला तो पांढरा, पण उमटला मोरपिशी. ख नारिंगी उमटला. ग पोपटी. चिंगीने नाक पुसलं आणि क वर बोट फिरवलं. तिच्या बोटाला मोरपिशी रंग लागला, अक्षर मात्र फिकं झालं नाही. शेळ्या सोडून दोन पोरं आली, मग पाच आली. आवडीने झ काढला तो सोनेरी झाला. पुढे ट काढला. मग जागा मोकळी राहिली.

तिने खडू चिंगीच्या हातात दिला. लिहीत रहा, थांबू नको, असं सांगितलं. आणि ती पाटलांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, मी ठ विसरले. तुमच्याकडे आहे."

पाटील विटांवर हात ठेवून उभे होते. मारुती गवंड्याची थापी थांबली. तेरडेवाडीत वर्षभरात कोणी कोणाकडे अक्षर मागितलं नव्हतं. नियम सगळ्यांना पाठ होता. मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि द्यायचं ते शाळेच्या फळ्यावर. पाटलांनी इकडेतिकडे पाहिलं.

"इथंच पायरीवर काढून देतो," ते म्हणाले.

"असं चालत नाही, रंभाजी," कोंडाआजी मागून म्हणाली. "बाईंनी चालवून घेतलं असतं का?"

पाटलांनी कमरेची किल्ली चाचपली. फळ्यावर बाईंचं शेवटचं लिहिलेलं होतं. ते जपण्यासाठी त्यांनी वर्षभर किल्ली कमरेला बाळगली होती, झोपतानाही सोडली नव्हती. आणि ही पोर बाईंचाच नियम घेऊन आली होती. रचलेल्या दोन ओळींतली एक वीट त्यांनी उचलून बाजूला ठेवली. मग दुसरी. मारुतीने न सांगता बाकीच्या काढल्या. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं.

आत धूळ होती. फळ्यावर वर्षापूर्वीचं बाईंचं अक्षर होतं. गेल्या वर्षी ते शोकात कोणी नीट वाचलंही नव्हतं. पाटलांनी आता वाचलं. तिथे एकच ओळ होती.

"उद्या आवडी सगळ्यांना झ शिकवील."

पाटलांनी टोपी काढली. चिंगीकडून खडू घेतला, त्या ओळीखाली जागा बघितली आणि अक्षर काढलं. कित्येक वर्षं हाताला नांगर होता, खडू नव्हता. वर्तुळ मिटलं नाही.

"आबा, हा ट झाला," चिंगी म्हणाली. तिने तो नुकताच पाहिला होता.

"कळतंय मला," पाटील म्हणाले आणि त्यांनी वर्तुळ मिटवलं. ठ लालबुंद उमटला.

मग रांग लागली. मारुतीकडे भ होता, त्याने चुन्याच्या हाताने काढला. कोंडाआजीने ष काढला आणि सगळ्यांना तीनदा दाखवला. ण आला. ध आला. घंटेचं कापड एका पोराने सोडलं आणि त्याला कोणी रागावलं नाही. खडूची भुकटी खिडकीतल्या कवडशात उडत होती, हिरवी, गुलाबी, चंदेरी, आणि त्या भुकटीतच खिडकीच्या चौकटीवर परी बसलेली आवडीला दिसली.

"सगळ्यांकडे अक्षर आहे," परी म्हणाली. "माझ्याकडे नाही."

आवडीकडे देण्यासारखी वस्तू एकच होती. ती खिडकीपाशी गेली आणि तिने परीच्या चिमुकल्या तळहातावर बोटाने झ काढला.

"तूही राख," ती म्हणाली. "पण नियम ठाऊक आहे ना? मागितलं की यावं लागतं."

परीने मूठ मिटली. मुठीतून उजेड फुटला, सोनेरी, मग पांढरा, मग डोळे दिपवणारा. खोलीतली सगळी अक्षरं त्या उजेडात एकदा लखलखली. उजेड ओसरला तेव्हा चौकटीवर कोणी नव्हतं. आवडीचा झगा कोरडा होता आणि नवा होता. घरी आईच्या लुगड्यावर ठिगळं नव्हती. तिथे नऊ सोनकीची फुलं विणलेली होती.

शाळा दुसऱ्या दिवसापासून भरली. नवे गुरुजी येईपर्यंत गावच्या राखणदारांनी पाळीपाळीने शिकवलं. पहिला पाठ आवडीने दिला, फळ्यावर लिहिलं होतं त्याप्रमाणे. विटा वाया गेल्या नाहीत. त्यांचा शाळेपुढे ओटा झाला, त्यावर पोरं बसतात, उड्या मारतात, शेंबूड पुसतात. आवडीच्या छपरावर गावाने कौलं घातली. पुढे ती शिकून त्याच शाळेत बाई झाली. खडू अजून तोच आहे. बोटभर.

तेरडेवाडीची पोरं हुशार आहेत. सगळी अक्षरं त्यांना येतात. फक्त पाऊस सरला, उतारावर सोनकी फुलली, की एखाद्या सकाळी सगळा वर्ग एकदम उभा राहतो आणि म्हणतो की, बाई, आम्ही झ विसरलो.  आवडीबाई उठून खिडकी उघडतात.