दोन दारांचा दवाखाना

आमचं गाव दोन राज्यांच्या सीमेवर. रणदिवे डॉक्टरांच्या दवाखान्याचं एक दार आपल्या राज्यात उघडे, दुसरं शेजारच्या. त्यांच्या इंजेक्शनाने दोघांचे हात लुळे पडले होते, पण चौकशी आली की ते सांगत, "माझी नोंदणी पलीकडची." पलीकडच्यांना सांगत, "अलीकडची." एवढा शिकलेला मी, तरी त्या सकाळी बाही वर करून बाकावर बसलो होतो.

शेजारी आपल्या वैद्यक परिषदेच्या निबंधक उपासनीबाई आणि दोन पाहुणे बसले होते.

"डॉक्टर, नोंदणी कुठली?" बाईंनी विचारलं.

"पलीकडची. तिथे विचारा."

पहिले पाहुणे उठले. "मी तिथलाच निबंधक. आमच्या यादीत तुम्ही नाही."

"कसा असेन? मी थेट दिल्लीत नोंदवलंय!"

दुसरे पाहुणे चष्मा पुसत म्हणाले, "मी दिल्लीहूनच आलोय."

रणदिवे गरजले, "एका माणसासाठी तिघं? एकट्याने काही जमत नाही वाटतं!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "दुखणं अवघड असलं की डॉक्टर एकमेकांचा सल्ला घेतात. हे तुम्हाला ठाऊक नाही, तिथेच निदान झालं."

मी हळूच बाही खाली ओढली.