खंडेनवमीची टिकटिक

"मग पाना कधी देताय, वस्ताद?"

सर्जेरावनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी चांगलं ओरडून. हैबती वस्तादांचे दोन्ही कान दोन वर्षांपूर्वीच गेले होते. चाळीस वर्षं इंजिनांच्या धडधडाटात काढल्यावर दुसरं काय होणार?

वस्तादांनी समोर बोट दाखवलं. खंडेनवमी होती. गॅरेजमधली सगळी अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडली होती. हळदकुंकू, झेंडूची फुलं, वर उदबत्ती. मधोमध वस्तादांचा स्वतःचा जुना सोळा नंबरी पाना.

"आज अवजारं पूजेत असतात. हात लावायचा न्हाई."

"आज नको हो! नुसतं द्यायचं कबूल करा."

या गॅरेजची रीत होती. शिकून बाहेर पडणाऱ्या गड्याला वस्ताद आपल्या हातचा एक पाना द्यायचे. आजवर चौघांना मिळाला होता. सर्जेरावचं स्वतःचं गॅरेज उद्या दसऱ्याला उघडणार होतं. पाटी रंगवून झाली होती, पेढे सांगून झाले होते. राहिला होता तो फक्त पाना. आणि वस्तादांच्या पान्याशिवाय कुलूप काढायचं नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

वस्ताद काही बोलणार, एवढ्यात दारात गाडी येऊन थांबली.

टिक टिक टिक टिक...

मगदूमबाईंची गाडी. बाई शाळेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, गाडी त्याच्याही आधीची. नवऱ्यानं हौसेनं घेतलेली. तो गेला, गाडी राहिली.

"आठ दिवस झाले बघ, सर्जेराव. आधी बारीक होतं, आता फारच वाजतंय. काय झालंय हिला?"

सर्जेरावचे डोळे चमकले. आयती संधी दारात चालून आली होती!

त्यानं बॉनेट उघडलं आणि बाईंना ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. ॲक्सिलरेटर दाबला तशी टिकटिक वाढली, सोडला तशी मंदावली. पूजेला जमलेली मंडळी भोवती गोळा झाली. समोरचा सायकलवाला आला, हॉटेलातले दोघे आले.

"वस्ताद!" सर्जेराव ओरडला. "मी सांगतो काय आहे ते. बरोबर आलं तर पाना माझा. बोला!"

वस्तादांनी होकारार्थी मान हलवली.

"टॅपेट! इंजिनातल्या झडपा ढकलणारे टॅपेट वाजतायत. गाडीचं वय झालंय, झीज होणारच. उद्या सकाळी पहिल्या मुहूर्ताला इंजिनाचं हेड उघडतो आणि दुपारपर्यंत गप करून देतो हिला!"

"वा रे पठ्ठ्या!" सायकलवाला म्हणाला.

बाईंचा चेहरा मात्र उतरला. "उघडलंस तर परत बसेल ना रे? मागच्या वेळी तूच म्हणालास, आता हिला उघडायला नको, बोल्ट तुटतील म्हणून."

"मी आहे की, बाई! तुम्ही कशाला घाबरता?"

वस्ताद उठले. हातातली काठी टेकत गाडीपाशी आले.

"वस्ताद, तुम्हाला ऐकू तरी येणार आहे का?" सर्जेराव हसत म्हणाला. बोलून गेला आणि जीभ चावली. पण वस्तादांना तेही ऐकू गेलं नव्हतं.

वस्तादांनी काठीचं टोक इंजिनावर टेकवलं. मग खाली वाकले... आणि काठीची लाकडी मूठ दातांत धरली.



डोळे मिटून वस्ताद तसेच उभे राहिले. काठी थोडी पुढं सरकवली. थोडी मागं. पुन्हा दात रोवले.

"आलं का ऐकू?" सर्जेरावनं विचारलं, ओरडून.

मूठ तोंडातून काढून वस्ताद म्हणाले, "न्हाई."

हॉटेलातले दोघे फिसकन हसले. सर्जेरावची छाती दोन बोटं फुगली.

"मग माझंच खरं! टॅपेट!"

"ऐकू येत न्हाई म्हणूनच सांगतोय, टॅपेट न्हाई. काठीतनं माझ्या दातांत लोखंडातलाच आवाज येतो. लोखंडात टिकटिक न्हाई."

"अहो, एवढं टिकटिक वाजतंय! सगळ्या गल्लीला ऐकू येतंय!"

"व्हय. गल्लीला येत असंल."

आणि वस्तादांनी काठी इंजिनावरून उचलली. पंख्याला चुकवून, रेडिएटरच्या मागच्या आडव्या सळईवर टेकवली. मूठ दातांत धरली.

त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बाई, बंद करा."

गाडी बंद झाली. पंखा थांबला. वस्तादांनी सळईमागं खोल हात घातला आणि चाचपत चाचपत काहीतरी ओढलं. तटकन दोरा तुटला.

तळहातावर एक सुपारी होती. तांबड्या फडक्यात बांधलेली, फडकं एका बाजूनं घासून फाटलेलं. वर्षभरात दोरा सैल होऊन ती खाली लोंबत आली होती, आणि फिरत्या पंख्याची कड तिला टिचकी मारत होती.

"अगं बाई!" मगदूमबाई म्हणाल्या. "सर्जेराव, ही तर तूच बांधली होतीस की! गेल्या खंडेनवमीला!"

बांधली होती. गेल्या वर्षी त्यानं हे इंजिन पहिल्यांदा एकट्यानं, वस्तादांना हातही लावू न देता बसवलं होतं. आणि पूजेला आठवणीनं ही सुपारी सळईला बांधली होती. देवासाठी म्हणून बांधली होती खरी... पण चार लोकांना सांगितलं होतं, "ही माझ्या हातची गाडी, खूण आहे बघा."

सर्जेरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उद्या हेड उघडलं असतं, बोल्ट तुटले असते, बाईंची गाडी कायमची बंद पडली असती... पाटावरच्या पान्याकडं बघायचं त्याला धाडस होईना.

"माझं चुकलं, वस्ताद," तो पुटपुटला.

"आं?"

"माझं चुकलं."

"आं? काय म्हणतोस?"

सर्जेरावनं आजूबाजूला पाहिलं. सायकलवाला होता, हॉटेलवाले होते, उद्याची सगळी गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं श्वास भरून घेतला.

"माझं चुकलं, वस्ताद!"

गल्लीच्या टोकाला हलगी वाजवणारा पोरगासुद्धा थांबला.

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी काठी उचलली आणि तिचं टोक हलकेच सर्जेरावच्या छातीवर टेकवलं. वाकले. मूठ दातांत धरली. डोळे मिटले.

सर्जेराव हलला नाही. छातीत नुसतं धडधडत होतं.

काठी बोटभर डावीकडं सरकली.

वस्तादांनी मूठ तोंडातून काढली आणि ती सुपारी त्याच्या हातावर ठेवली.

"उद्या सकाळी पाना न्यायला ये. इंजिन साफ आहे."