गंधरावाचा पहिला मान

बिअरला चव देणारी हॉप्सची फुलं अजून बोलायची, त्या काळातली गोष्ट. डोंगरावर फ्रामजींची भट्टी होती. तिथे सातूच्या गोड पाण्यात आधी कडवोजी नावाचा हॉप पडायचा, कारण बराच वेळ उकळल्याशिवाय तो कडूपणा सोडत नसे. गंधराव हॉपचा वास नाजूक, म्हणून त्याला हंडा उतरवताना टाकत.

एके दिवशी गंधराव रुसला. "गिऱ्हाईक येतं ते माझ्या वासावर, आणि मला बसवता शेवटच्या पंगतीला? पहिला मान मिळाल्याशिवाय मी पोत्यातून निघणार नाही."

"मग मी शेवटीच येईन," कडवोजी म्हणाला. "मोठी माणसं उशिराच येतात. मला काय मान नाही?"

तांब्याचा हंडा म्हणाला, "अहो, इथे लग्न नाही, स्वयंपाक चाललाय." पण दोघे ऐकेनात.

फ्रामजींनी कंटाळून त्यांच्या मनासारखं केलं. गंधरावाचा सगळा वास वाफेबरोबर धुराड्यातून गेला आणि छपरावरचे कावळे खूश झाले. कडवोजीचं जेमतेम अंग भिजलं, तोवर हंडा उतरला. पहिला घोट घेऊन गिऱ्हाईक म्हणालं, "फ्रामजी, घरात कोणी आजारी आहे का? पेज चांगली झालीय."

उरलेला चोथा गोठ्यात गेला. म्हशीने तोंड पुढे केलं, तसा कडवोजी अदबीने मागे सरकला.

"या गंधराव, पहिला मान तुमचा."

"छे छे," गंधराव म्हणाला, "तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही."