खोलगट भिंगाची हकालपट्टी

फोटो काढताना माणसं श्वास रोखून बसायची, त्या काळातली ही गोष्ट. सत्तारभाईंच्या कॅमेऱ्याच्या नळीत चार भिंगं राहत. तीन फुगीर भिंगं प्रकाश गोळा करायची, चौथं खोलगट भिंग तो थोडा पसरवायचं.

"आम्ही गोळा करायचं आणि तू उधळायचं?" थोरलं फुगीर भिंग एकदा कडाडलं.

"दादा, तुम्ही कडेचे किरण जरा जास्तच वाकवता," खोलगट भिंग म्हणालं. "मी त्यांना थोडं आवरतो, म्हणून सगळे एकाच बिंदूवर भेटतात. मी नसलो तर चित्र फिसकटेल आणि आपण सगळेच अडगळीत जाऊ."

"म्हणजे चूक आमची?"

सभा झाली. तीन विरुद्ध एक. सत्तारभाईंनी पुसायला नळी उघडली, तेव्हा तिघं अशी दाटीने बसली की चौथ्याला जागाच उरली नाही. "हे जास्तीचं दिसतंय," म्हणत सत्तारभाईंनी ते खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव पैलवान मिशा पिळून बसले. सत्तारभाईंनी नळी पुढे केली, मागे केली, पण चित्र कुठेच स्पष्ट होईना. शेवटी अंदाजाने फोटो काढला.

"सत्तारभाई, ह्या मिशा आहेत की ढग?" पैलवान गरजले.

"त्याच्या मिशाच धड नाहीत," थोरलं भिंग म्हणालं. ठराव एकमताने मंजूर झाला.

महिन्याभरात नवी नळी आली आणि जुनी अडगळीत गेली. तिथे तिघांनी ताबडतोब सभा बोलावली. विषय एकच होता: आपल्यात अजून खोलगट कोण आहे?